एसावाचे वकील

आरोनकाका शिंकले की रामवाडीच्या स्टॉपवर उभी असलेली एसटी सुटायची. ड्रायव्हरला वाटायचं कंडक्टरने डबल बेल दिली. हे मी वाढवून सांगतोय असं ज्याला वाटेल त्याने पेणमध्ये कुणालाही विचारावं, तो याच्या दुप्पट सांगेल. सहा फुटांच्या वर उंची, भाकरीएवढे पंजे, आणि त्या सगळ्या देहाच्या टोकाला एवढीशी गोल टोपी. ती टोपी वादळातसुद्धा उडत नसे. टाचणीने लावतात की काय, हे विचारायची माझी छाती शेवटपर्यंत झाली नाही.

त्यांच्या लोकांना आमच्याकडे शनवार तेली म्हणत. केव्हातरी, कुणालाच आठवत नाही इतक्या पूर्वी, कोकणच्या किनाऱ्याला त्यांचं गलबत फुटलं. जी माणसं वाचली त्यांनी इथे तेलाचे घाणे घातले, आमची भाषा घेतली, नऊवारी घेतली, नारळ घातल्याशिवाय स्वयंपाक होत नाही हेही घेतलं. पण शनिवारी घाण्याला बैल जुंपला नाही तो नाहीच. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. आता रोह्या-पेणात हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी माणसं उरली आहेत, आणि मोजण्याचं म्हणाल तर आरोनकाका रोज मोजत असत. ते पुढे येईल.

त्यांची तेलाची गिरणी आणि माझी पोह्यांची गिरणी यांच्यात एकच भिंत. तिकडून खोबरेलाचा वास, इकडून भाजक्या भाताचा. आमच्या आळीतली कुत्री त्यामुळेच इतकी गलेलठ्ठ, नुसत्या वासावर. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा शनिवार सुरू, मग काका कुठल्याही बटणाला हात लावत नसत आणि दुसऱ्याला ‘लाव’ असं सांगतही नसत. सांगणं म्हणजे केल्यासारखंच. मग ते ओट्यावर वर्तमानपत्र उघडून बसत आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “हल्ली पेपरवाले अक्षरं फारच बारीक छापतात बुवा!”

मी जाऊन दिवा लावायचो.

“दत्ता, मी तुला काय सांगितलं?”

“काय नाय काका.”

“देवासमोर असंच सांगशील?”

“याच्याहून चांगलं सांगीन.”

“तेच भय हाय मला,” म्हणत ते पेपर वाचू लागत.

मी पेटी वाजवतो. बरी वाजवतो असं काकांचं मत होतं. बाकीचं पेण गप्प राहतं. पेटीमुळेच मी त्यांच्या कीर्तनात शिरलो. हो, कीर्तनच. त्यांच्या लोकांत तोरातल्या, म्हणजे त्यांच्या पोथीतल्या, गोष्टींवर मराठीत कीर्तनं करायची चाल होती. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळं आपल्यासारखं, फक्त देव एकच आणि त्याचं चित्र काढायचं नाही. काकांनी ती विद्या वडिलांकडून, मुसाजी तेल्यांकडून, रोह्याला घेतली. ऐकणारे त्यांचे लोक एकेक करून इस्रायलला गेले, तेव्हा काकांनी आम्हालाच श्रोते केलं. भाद्रपदात रामवाडीच्या मंडळात एक संध्याकाळ त्यांची ठरलेली. मध्ये गणपती, बाजूला अंग वळवून बसलेले आरोनकाका, कारण मूर्तीसमोर आपला देव गायचा नाही आणि यजमानाचा अपमानही करायचा नाही. मग त्यांनी मध्यम मार्ग काढला होता, तिरके बसत.

आख्यान दरवर्षी एकच. एसाव आणि याकोब.

“गो आक्का,” ते पहिल्याच रांगेतल्या, हमरापूरला गणपतीचे डोळे लिहिणाऱ्या सुंदरआक्काला गाठत. “तू आज न्यायाधीश. इसहाकाला दोन पोरगे, जुळे. थोरला एसाव, अंगभर केस, रानात हिंडणारा. धाकटा याकोब, गुळगुळीत, आईच्या पदराखालचा. थोरला शिकारीवरून आला, पोटात आग पडलेली. धाकट्याने चुलीवर मसुराची आमटी ठेवलेली. थोरला म्हणतो, वाढ. धाकटा म्हणतो, आधी तुझं थोरलेपण माझ्या नावावर कर. बोल, काय निवाडा?”

“निवाडा कसला? ती आमटी मेल्याच्या डोक्यावर वतायची!”

“आणि आई त्याच्याच बाजूची. बाप म्हातारा, डोळे गेलेले. त्या आईने, रिबकाने, धाकट्याच्या हातांना बकऱ्याचं कातडं बांधलं आणि पाठवलं थोरल्याचा आशीर्वाद घ्यायला. बाप चाचपून बघतो. आवाज तर धाकट्याचा, हात मात्र केसाळ. शेवटी हातांवर विश्वास ठेवला म्हाताऱ्याने.”

“आणि थोरला?”

“आला, कळलं, आणि बापासमोर पोरासारखा रडला. मलापण एक आशीर्वाद दे म्हणाला. एकच होता आणि तो वाटून झाला होता.”

इथे मंडपात बाया डोळे पुसत आणि मी पेटीवर इतका करुण सूर धरत असे की एकदा शेजारच्या मंडपातली लाइटसुद्धा गेली.

पुढे वीस वर्षांनी याकोब परत येतो, बायका, पोरं, गुरं घेऊन, भावाच्या भयाने अर्धमेला झालेला. एसाव चारशे माणसं घेऊन सामोरा येतो. आणि मारायचं सोडून धावत जाऊन मिठी मारतो, मुका घेतो. दोघे रडतात. जगातला कुठलाही कीर्तनकार इथे आरती करून नारळ फोडील. काका इथे मला हाताने थांबवत. पेटी बंद. मग खालच्या आवाजात, म्हणजे फक्त तीन आळ्यांना ऐकू जाईल अशा, म्हणत:

“ह्याच्या पुढच्या चार ओळी कोणी वाचत नाय. एसाव म्हणतो, चल, आता संगतीने जाऊ माझ्या घरी, सेईरला. याकोब म्हणतो, दादा, पोरं नाजूक हायत, मेंढ्या दुभत्या हायत. तू हो पुढे, मी हळूहळू येतोच मागून. एसाव गेला पुढे. बोला, याकोब सेईरला पोचला?”

पहिल्या वर्षी कुणालाच ठाऊक नव्हतं. नंतरच्या वर्षांना सगळा मंडप ओरडायचा, “नाय!”

“नाय! दुसऱ्याच गावाला वळला. तिथं घर बांधलं. गुरांना गोठे बांधले. पुस्तकात गोठ्यांची नोंद हाय, पण एसावाला निरोप धाडल्याची नाय. आमटी मी माफ केली, तेव्हा दोघंही अजून पोरंच. कातडं माफ केलं, ते आईचं शिकवणं. पण हे? हे त्याचं एकट्याचं. मिठी मारून झाल्यावरचं. माझा एसाव घरी जाऊन बायकोला म्हणाला असेल, भात जास्ती टाक, माझा भाऊ येतोय. बाहेर येऊन बसला असेल. पहिल्या दिवशी म्हणाला असेल, पोरं नाजूक हायत. दुसऱ्या दिवशी म्हणाला असेल, मेंढ्या दुभत्या हायत. तिसऱ्या दिवशी काय म्हणाला असेल?”

त्याचं उत्तर ते देत नसत. मग चहा.

आता गंमत अशी की याकोब हा त्यांच्या लोकांचा मूळपुरुष. त्यालाच पुढे इस्रायल हे नाव पडलं. म्हणजे काका वर्षानुवर्षं स्वतःच्या पणजोबांच्या पणजोबांविरुद्ध खटला चालवत होते! हे मुंबईच्या एका विद्वान गृहस्थांच्या कानावर गेलं. ते मुद्दाम पेणला आले, काळी बॅग, सोनेरी चष्मा, एका बैठकीत माझे दोन डिश पोहे. म्हणाले, “आरोनभाई, तुम्ही शत्रूचा पोवाडा गाता. आपले जुने आचार्य सांगतात की एसावाने मुका घेतला नाही, मानेला चावा घ्यायला आला होता.”

काका घाण्यावरून उठले. छप्पर जरा वर सरकलं.

“चावा घेणारा धावत येत नाय, साहेब. दबकत येतो.”

“तो दुष्ट होता असं मानलं जातं.”

“ज्याला फसवलं त्याला दुष्ट म्हटलं की फसवणाऱ्याला झोप लागते. तुम्ही आणखी पोहे घ्या.”

विद्वानांनी घेतले. असा दुसरा खटला मी बघितलेला नाही ज्यात हरलेला पक्ष पोट भरून गेला.

हे वकीलपत्र काकांनी का घेतलं होतं, ते पेणला माहीत होतं. सामसन म्हणून त्यांचा धाकटा भाऊ रोह्याला होता. तरुणपणी दोघांनी ठरवलं की रोह्याचा बैलघाणा बंद करायचा आणि पेणला विजेवरची गिरणी घालायची. सामसन म्हणाला, “दादा, तू हो पुढे, बाबांना घेऊन मी आलोच.” काका पुढे झाले. खोल्या घेतल्या, बाबांसाठी उन्हाची बघून ठेवली. सामसन आला नाही, बाबांना धाडलं नाही. मग एका दुपारी रोह्याहून माणूस आला: बाबा काल गेले. त्यांच्यात मृताला त्याच दिवशी माती देतात. थोरला मुलगा पोचला तेव्हा मातीसुद्धा सुकली होती. सामसन म्हणाला, “माणूस कालच धाडला होता, त्याला तुझं घर सापडलं नसेल.” पेणमध्ये आरोनकाकांचं घर सापडलं नाही! आंधळ्याला सापडलं असतं, आवाजावरून.

त्यानंतर दोघा भावांचं बोलणं म्हणजे कुणाच्या तरी लग्नात, “जेवलास?” “जेवलो.”

वडिलांसाठी मुलाने म्हणायची एक प्रार्थना असते, कद्दीश. ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा पुरुष लागतात, त्यांच्या धर्माचे, वयात आलेले. नऊ असतील तर नाही, मग ते नऊ राजे का असेनात. दरवर्षी वडिलांच्या दिवशी काका आसपासच्या गावांतून आठ-नऊ गोळा करत आणि कमी पडतील ते मुंबईहून बोलवत. एकदा ऐन वेळी एक कमी पडला. मी म्हटलं, “काका, मला घ्या दहावा. टोपी घालतो.” ते म्हणाले, “दत्ता, तुला दहात मोजता येत नाय रे. पण तू असं म्हणालास हे मी मोजलं.”

मागच्या वर्षी काका ब्याऐंशीचे झाले. पायांना सूज, छातीत घरघर. ते भिंतीपलीकडून मला म्हणाले, “औंदा मुंबईचा भाडोत्री दहावा नको. माझ्यासकट नऊ हायत. दहावा सामसन. मुसाजीची दोन पोरं एकदा तरी शेजारी उभी राहून कद्दीश म्हणतील. पुढच्या वर्षी मी नसेन, मग मला कोणाचं काय.”

त्यांनी स्वतः फोन केला. मी शेजारी होतो. एवढा मोठा माणूस फोन दोन्ही हातांत धरून बसला होता. पलीकडून सामसन म्हणाला, “येतो, दादा.” काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, “मला ‘दादा’ म्हणाला.”

मलिद्याचे, म्हणजे त्यांच्या नैवेद्याचे, पोहे मी दिले. गोड पोहे, खोबरं, वेलची, वर फळं मांडायची. पोहे मी स्वतः निवडले, इतके पातळ की त्यातून पेपर वाचता यावा, बारीक अक्षरांचासुद्धा. आणि रविवारी सकाळी माझी व्हॅन घेऊन मी रोह्याला निघालो, दहावा आणायला.

सामसनभाऊ देखणे म्हातारे. काकांचंच नाक, पण आवाज रेशमी. मला खुर्ची दिली. इथे मला आमटी वाढली असं सांगायचा मोह मी महत्प्रयासाने आवरतोय. चहा आणि खारी होती. खोलीत पट्टे आवळलेल्या तीन मोठ्या बॅगा होत्या.

“नातवाचं सामान,” ते म्हणाले. “दादा बरा हाय ना? टोपी अजून तीच?”

“तीच. चला, निघू या. दिवस मावळायच्या आत प्रार्थना हाय.”

त्यांनी माझी व्हॅन खिडकीतून बघितली. “दत्ताराम, माझे गुडघे बघ. ह्या गाडीत मला बसता यायचं नाय. शेजाऱ्याची मोठी गाडी सांगितलेली हाय. हिला पण आणायचं हाय, ती तयार होतेय. तू हो पुढे, आम्ही आलोच मागून.”

वाचकहो, वीस भाद्रपद मी त्या ओळीनंतर पेटी बंद केलेली आहे. वीस वर्षं सगळ्यांच्या आधी मी ‘नाय’ ओरडलेलो आहे. आणि त्या खुर्चीत बसून मी म्हणालो, “बरं, या सावकाश,” आणि खारी उचलून निघालो.

इथवर फक्त मूर्खपणा. पुढचं पाप माझं. नागोठण्याचा पूल ओलांडला, गाडी बाजूला घेतली आणि काकांना फोन लावला. काका म्हणाले, “निघाला का रे?” आता ‘मागून येतो म्हणाले’ एवढं सांगून गप्प बसेल तो दत्ता कसला! मी म्हटलं, “निघाले म्हणजे काय! माझ्या मागेच हायत. काकूपण हायत. पुढे जाऊ दे म्हणून हॉर्न मारतायत, ऐका!” आणि मीच माझा हॉर्न दोनदा दाबला. पलीकडे काका हसले. आठच्या आठ जणांना सांगताना ऐकू आले, “आला! माझा भाऊ आला!” रोह्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

घरी गेलो नाही, रामवाडीलाच उभा राहिलो. पाहुणे चुकू नयेत म्हणून. रस्त्याचं काम चालू, गाड्या पावलापावलाने सरकत होत्या. तास गेला. उन्हं कलली. मग ती गाडी आली, पांढरी, टपावर तीन बॅगा, पट्टे आवळलेल्या. मी दोन्ही हात हलवले. मागच्या सीटवर सामसनभाऊ बसले होते. खड्ड्यामुळे गाडी माझ्यासमोर जवळजवळ थांबली. त्यांनी मला बघितलं. मग समोर बघितलं. गाडी खड्ड्यातून बाहेर निघाली आणि पनवेलच्या दिशेने गेली.

मी रोह्याला त्यांच्या शेजाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “अहो, ते इस्रायलला गेले ना, मुलाकडे, कायमचे. आज रात्रीचं विमान. तुम्हाला बोलले नायत?”

घरी पोचलो तर काका दारात. लग्नातला काळा कोट घातलेला, आत आठ माणसं उभी, तोंडं पश्चिमेला, यरुशलेमकडे.

“आला?”

“नाय.”

“मागे होता ना?”

“पुढे गेले, काका. पनवेलकडे. विमान हाय त्यांचं.”

काकांनी चौकटीला हात टेकला. मग एकच विचारलं.

“हॉर्न कोणाचा होता?”

“माझा.”

त्यांनी माझ्या कानफटात मारली असती तर मी आज ही गोष्ट चवीने सांगितली असती, पेणवरून उडून अलिबागला पडलो म्हणून. ते आत वळले आणि त्या आठ जणांना म्हणाले, “दिवस मावळतोय. आपण नऊ हाव. कद्दीश होणार नाय. मलिदा खाऊन जा सगळ्यांनी.” आवाज इतका खाली की मागच्या दोघांनी पुन्हा विचारलं, काय म्हणाले?

तीन आठवड्यांनी काका गेले. त्यांना माती देताना दहा भरले. नववा आणि दहावा मुंबईहून आले. तिकडून सामसनभाऊंचा व्हिडिओ कॉल होता, रडत होते. फोनमधला माणूस मोजत नाहीत. त्यांचीही काही बाजू असेल. मुलाने तिकीट काढलं असेल, थोरल्याच्या समोर ‘जातो’ म्हणायची ताकद नसेल. ती बाजू त्यांनी येऊन मांडावी, मी पेटी घेऊन बसेन. मी वकील दुसऱ्या पक्षाचा.

मला काका दिसतात ते त्या रविवारनंतरच्या सोमवारी. सकाळी माझ्या गिरणीत आले आणि म्हणाले, “मला रामवाडीला ने.” व्हॅनमध्ये ते मावत नव्हते, तरी बसले. रस्त्याच्या कडेला उतरले.

“तू कुठे उभा होतास?”

मी दाखवलं.

“आणि गाडी?”

मी खड्डा दाखवला. ते माझ्या जागेवर उभे राहिले आणि तिथून खड्ड्यापर्यंत सुजलेल्या पायांनी चालत गेले. मागून ट्रकवाला शिव्या देत होता. परत आले.

“एवढंच अंतर?”

“एवढंच.”

“काच वर होती का खाली?”

आयुष्यभर मी ज्या थापा मारल्या त्या ओळीने लावल्या तर रोह्यापर्यंत जातील. त्यातली एक, लहानशी, त्या वेळी हवी होती. काच खाली होती काका, हात बाहेर काढला होता, दादाला सांग म्हणाले. नाही निघाली तोंडातून.

“वर होती.”

आरोनकाका पनवेलच्या बाजूला बघत राहिले. धुळीने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मग मान हलवली, जशी काही त्यांना आख्यानातली एखादी अडलेली ओळ सुटली होती.

“धूळ फार हाय इथे,” ते म्हणाले. “त्याला लहानपणापासून दमा.”